खळीची तार

माझ्या मैत्रिणीनं मला दगा दिला, असं मी कितीतरी महिने येईल-जाईल त्याला सांगत होते. कॉलेजातल्या शिपायांना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, एकदा तर शेअर रिक्षात मांडीला मांडी लावून बसलेल्या एका अनोळखी बाईलाही सांगितलं. बाई पार्क चौकात उतरताना म्हणाली, "लई वाईट झालं की हो तुमच्यासंगट." तेवढ्यानंसुद्धा मला बरं वाटलं. राग आला की तो गिळणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही, आणि मी तर त्यात सगळ्यांच्या वरचढ.

ती आणि मी सोलापुरात एकाच गल्लीत वाढलो. तिचे वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते आणि माझे वडील, आमचे अण्णा, घोंगड्यांना खळ लावायचे. ती शिकत शिकत पुण्याला गेली, तिथून परदेशात गेली, मोठी शास्त्रज्ञ झाली. मी बी.एस्सी. करून इथल्याच एका कॉलेजात प्रयोगशाळेत सहायक म्हणून चिकटले. बाटल्या धुणं, द्रावणं करून ठेवणं, मुलांनी फोडलेल्या काचा मोजणं हे माझं काम. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक लगेच म्हणतात, जळत होती.

खळ म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं, कारण घोंगडी विणणारेच कमी उरलेत. लोकरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा आणि त्यावर कुंच्यानं चिकट पेज फिरवायची. त्यानं धागा ताठ होतो, विणताना तुटत नाही. ती पेज चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, टरफलं काढायची, भिजवायचे, दगडावर वाटायचे आणि मग ढवळत ढवळत शिजवायचे. झाली की नाही, हे बघायचं बोटांनी. जराशी खळ अंगठ्यावर घ्यायची, पहिलं बोट त्यावर टेकवायचं आणि दोन्ही हळूहळू लांब करायची. मध्ये केसासारखी तार धरली पाहिजे. तार आली नाही तर अण्णा सगळं पातेलं गटारात ओतायचे, मग आईनं कितीही आरडाओरडा करू दे. दुसऱ्या गल्लीतले लोकसुद्धा आपली खळ वाटीत घालून अण्णांकडं दाखवायला आणायचे. भावाला यात गोडी नव्हती. मी दहा वर्षांची असल्यापासून माझ्या बोटांना तार कळायला लागली आणि अण्णा पाहुण्यांना सांगायचे, "हिच्या बोटाला इचारा."

काही वर्षांपूर्वी ती परत आली आणि पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत लागली. मटेरियल सायन्स हा तिचा विषय. एका दिवाळीत घरी आली तेव्हा फराळाचं ताट मांडीवर घेऊन तिनं मला समजावलं. विजेच्या गाड्यांची बॅटरी असते ना, तिच्या आत काळी भुकटी धातूच्या पातळ पत्र्याला चिकटवलेली असते. ते चिकटवायला जे रसायन वापरतात, ते विरघळवायला आणखी विषारी रसायन लागतं. आता जगभर लोक पाण्यात विरघळणारा, झाडापासून मिळणारा डिंक शोधतायत. "आणि मला तिकडं बसल्या बसल्या तुझ्या अण्णांचं पातेलं आठवलं गं," ती म्हणाली.

अण्णा तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला इतकं भरून आलं की मी उठून आत गेले.

त्या सुट्टीत आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघींनी चिंचोके भाजले. प्राचार्य वास कसला म्हणून बघायला आले होते. तिला मी सगळं दाखवलं, अगदी सगळं. अण्णा परक्याला सांगताना एखादी गोष्ट हातची राखायचे, भिजवायचं पाणी किती वेळा बदलायचं हे तर सख्ख्या मेव्हण्यालाही सांगितलं नव्हतं. मी काही राखलं नाही. ती वहीत लिहून घेत होती आणि तिच्या बोटांत तार धरत नव्हती म्हणून मी हसत होते. पुढं काम पुण्याला हललं. बॅटरीवरून ते जखमेवर गेलं. जखम कोरडी पडू न देता ओलसर ठेवली तर लवकर भरते, आणि चिंचोक्याचा डिंक पाणी धरून ठेवतो, म्हणून त्याच्या मऊ पट्ट्या करायच्या, त्यात जस्ताचे डोळ्याला न दिसणारे कण घालायचे, म्हणजे जंतूही मरतील. हे ती फोनवर सांगायची. नंतर नंतर सांगणं कमी झालं. मीही खोलात विचारलं नाही. आमचीच खळ आहे, त्यात मला काय विचारायचंय, असं मला वाटायचं.

मग आईचा पाय. आईला साखरेचा आजार जुना. उन्हाळ्यात शेजारणींबरोबर अक्कलकोटला दर्शनाला गेली आणि दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी फिरली. बाकीच्या बायका टाचा उचलून पळत होत्या आणि ही आपली रमतगमत चाललेली, कारण तिच्या तळव्यांना काही कळतच नव्हतं. घरी आल्यावर पाय धुताना बघितलं तर उजव्या अंगठ्याखाली हा एवढा फोड. फोडाची जखम झाली, जखम भरेना. डॉक्टर म्हणाले, जपा, नाहीतर अंगठा जाईल, अंगठ्यावर थांबलं नाही तर पाऊल जाईल. आई त्या दिवशी जेवली नाही. तिला मरायची भीती नव्हती. कुणीतरी उचलून न्हाणीघरात नेईल, याची होती. तेवढं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

त्याच सुमारास माझ्या मैत्रिणीच्या पट्ट्यांची तपासणी सोलापुरातल्या एका दवाखान्यात सुरू झाली होती. सगळ्या परवानग्या मिळालेल्या, मोजके पेशंट, दोन प्रकारच्या पट्ट्या, एक नवीन आणि एक तुलनेपुरती. पाकिटांचं कपाट सांभाळायला आणि नंबराप्रमाणं पाकिटं द्यायला तिनं मलाच नेमलं. "दुसऱ्या कुणाच्या हातात मी ही किल्ली दिली नसती," असं म्हणाली. आईलाही त्यात घ्यायचं ठरलं. माझी मैत्रीण स्वतः घरी येऊन कागद वाचून दाखवायला बसली. "मावशी, कुणाला कुठली पट्टी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. मला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, हिलाही नाही. सगळं संपल्यावरच कळणार."

आई हसली. "व्हय व्हय, कळलं. सही कुटं करायची तेवडं सांग."

मीही हसले. आम्ही दोघींनी ते बोलणं दाखवण्यापुरतं धरलं. आमच्याकडं असंच असतं. नियम सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचा आणि आपल्या माणसाला गुपचूप पुढं घ्यायचं. शाळेचा प्रवेश असो, दर्शनाची रांग असो, कोण असं करत नाही? खळ अण्णांची, शिकवली मी, पाय माझ्या आईचा. ती चांगली पट्टी आईला देणार नाही तर काय शत्रूला देणार?

बाकीच्यांची पट्टी दवाखान्यात बदलायचे. आईची मी घरीच बदलायची. दोन आठवडे झाले, जखम आहे तशीच होती. एके दिवशी जुनी पट्टी काढताना तिचा कडेचा तुकडा माझ्या अंगठ्याला लागून आला. सवयीनं बोट टेकवलं आणि लांब केलं. तार आली नाही. तुकडा बुळबुळीत, आणि ओढला तर मुरंब्यातल्या फोडीसारखा मधेच तुटला. मी नवीन पाकीट फोडून बघितलं. तेच. तिसरं फोडलं. तेच. ही आमची खळ नव्हती. माझ्या बोटांवर माझा जितका विश्वास होता तितका देवावरही नव्हता. आईला दुसरीच, फसवी पट्टी दिली होती.

मी तिथल्या तिथं फोन लावला. "माझ्या आईला खोटी पट्टी लावलीस?"

तिनं मला तिथंच अडवलं. मग म्हणाली, "हे मला सांगू नकोस. तुला बोटांनी काही कळलं असेल तर ते कुणालाच सांगू नकोस, मलासुद्धा नको. आणि खोटी कुठलीच नाही गं, दोन्हींनी जखमेची काळजी घेतली जाते."

"मग बदलून दे."

"बदलून देता येत नाही. तुला नको असेल तर मावशींना आत्ताच्या आत्ता यातून काढू, डॉक्टर नेहमीची मलमपट्टी करतील. पण हे सोडून ते दे, असं होणार नाही. माझी स्वतःची आई असती तरी झालं नसतं."

मी फोन आपटला. माझी स्वतःची आई म्हणे! तिची आई मजेत पुण्यात, तिच्याच फ्लॅटमध्ये, दोन्ही पाय शाबूत. माझ्या डोळ्यांपुढं तिची ती वही आली, आणि त्यात अण्णांचं सगळं ज्ञान उतरवून घेणारा तिचा हात आला. घ्यायचं तेवढं घेतलं आणि द्यायची वेळ आली तेव्हा नियम काढला. भडवी, असा शब्द माझ्या तोंडून निघाला आणि आईनं आतून विचारलं, "कुनाला गं?"

अभ्यासात मोडनिंबचे एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. मोठ्या आवाजाचे, गप्पिष्ट. पट्टी बदलायला आले की सगळ्या वॉर्डाला हसवायचे. त्यांची पट्टी काढताना नर्सला मदत करायच्या निमित्तानं मी पुढं झाले. एक कण बोटावर घेतला आणि अंगठा लांब केला. तार आली. लांब, सरळ, न तुटणारी, अण्णांनी मान डोलावली असती अशी. मला रडू आलं. काका म्हणाले, "वैनी, पाय माजा आन् रडताय तुमी?"

दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. पाकिटांवर नंबरांची चिकटपट्टी होती. प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या बाईला चिकटपट्टी वाफेवर सोडवणं काही अवघड नाही. आईची उरलेली सगळी पाकिटं कंडक्टरकाकांच्या नंबरावर गेली आणि त्यांची आईच्या नंबरावर. काकांचं काय होईल, हा विचार आला. पण तो मी फार वेळ मनात ठेवला नाही. त्यांची जखम लहान आहे, त्यांचं भागेल, असं स्वतःला सांगितलं.

घरी आईच्या पायाला मी ती तार धरणारी पट्टी लावली तेव्हा कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. अण्णांच्या फोटोकडं बघून हातसुद्धा जोडले. आईला म्हणाले, "आता बघ कसा पाय भरतो."

पाय भरला नाही. पहिला आठवडा तसाच गेला, दुसऱ्या आठवड्यात अंगठ्याची कड काळसर दिसायला लागली आणि मग एके सकाळी खोलीत वास येऊ लागला. डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. अंगठा गेला आणि शेजारचं बोटही गेलं. पाऊल वाचलं, हे नशीब. पण आईचा तोल गेला तो गेलाच. काठी घेऊनही ती दाराच्या पलीकडं एकटी जाऊ शकत नाही. ज्याला घाबरत होती तेच तिच्या वाट्याला आलं. मीच तिला धरून न्हाणीघरात नेते.

ऑपरेशनचं कळलं तशी माझी मैत्रीण पुण्याहून आली. मी तिला वॉर्डात पाऊल टाकू दिलं नाही. दवाखान्याच्या जिन्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, तोंडाला येईल ते बोलले. "माझ्या बापाची विद्या नेलीस आणि माझ्या आईवर उंदरासारखा प्रयोग केलास. पहिले दोन आठवडे वाया घालवलेस तिचे. तेव्हाच चांगली पट्टी मिळाली असती तर अंगठा राहिला असता." ती काहीतरी बोलायला गेली, मग खाली मान घालून जिना उतरली. मला वाटलं, बोलायला तोंडच नाही तिला.

मधे एकदा कंडक्टरकाका पिशवीभर बोरं घेऊन कॉलेजात आले. पाय पूर्ण भरला होता. चप्पल काढून गुलाबी कातडी दाखवली. "तुमच्या बाईंना सांगा, लई भारी औषद काढलंय." मी बोरं घेतली आणि सगळी शिपायाला देऊन टाकली. काकांची जखम किरकोळ असणार, आपोआप भरली असणार, असा मी हिशेब लावला. यापलीकडं मी विचारच केला नाही. आता वाटतं, मुद्दामच केला नाही.

अभ्यास संपला, नंबर उघडले, आणि ती पुन्हा आली. या वेळी कॉलेजात, भर दुपारी, मी चंचुपात्रं पुसत होते तेव्हा. खुर्ची न ओढता समोर उभी राहिली.

"आज सांगता येतं म्हणून सांगायला आले," ती म्हणाली. "मावशींना नवीनच पट्टी होती. पहिल्या दिवसापासून. तुला वाटलं तशी ती दुसरी नव्हती."

मी म्हणाले, "खोटं बोलू नकोस. मी बोटांनी बघितलंय. तार नव्हती."

"तार कशी असेल? पट्टी टिकावी, जखमेत वितळू नये म्हणून डिंकाचे रेणू एकमेकांना बांधून टाकलेत. बांधले की तार जाते. तीन वर्षं त्यावरच घालवलीत आम्ही. तार येते ती साधी खळ. तुलना करायला ठेवलेली पट्टी तीच होती, नुसती शिजवलेली, तू शिकवलीस तशी."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती बोलतच होती. मावशींना लागू पडली नाही याचं तिला फार वाईट वाटतं, एका माणसावरून काही ठरत नाही, काही पाय कशानंच भरत नाहीत, आणि गंमत बघ, मोडनिंबच्या त्या काकांचा पाय नुसत्या खळीवर भरला, त्यामुळं सगळे चक्रावलेत.

मग मी सांगितलं. वाफ, चिकटपट्टी, दोन नंबर, सगळं. सांगताना तिच्याकडं बघवेना म्हणून चंचुपात्रांकडं बघत होते. अण्णांच्या बोटांनी, माझ्याच बोटांनी मला असं फसवावं? जी पट्टी आईच्या पायावर होती ती मी माझ्या हातानं काढली आणि अभिमानानं दुसरी लावली. आणि तरीही, खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात तिच्याबद्दल राग होताच. एक शब्द बोलली असती! तार नसली तरी काळजी करू नकोस, एवढंच. आईला कुठली पट्टी आहे हे तिलाही तेव्हा माहीत नव्हतं, बोलली असती तर सगळ्यांचीच पट्टी उघडी पडली असती, हे सगळं मला कळतं. कळून काय करू? आईचा अंगठा गेला.

तिनं आता खुर्ची ओढली आणि बसली. मग विचारलं, "काकांचा पाय नीट आहे ना पण?" मी मान हलवली. "दोन्ही नंबर अभ्यासातून काढून टाकावे लागतील. का काढले, ते वर कळवावं लागेल. तुझ्यावर काय येईल ते येईल, माझ्यावरही येईल. किल्ली मी दिली होती." आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं. "मावशींना सांगितलंस?"

"मलाच आत्ता कळलं."

"चल, मी त्यांना भेटून जाते."

रिक्षा दारात थांबवून आम्ही घरात गेलो. आई दाराशेजारच्या कॉटवर पाय पुढं करून बसली होती. पट्ट्या सुटल्या होत्या, दोन बोटांच्या जागी नुसती शिवलेली मांसाची कड. माझी मैत्रीण चप्पल काढून आत आली आणि लहानपणापासून वाकायची तशी पाया पडायला वाकली. आईनं झटकन पाय मागं ओढला.

"हात लावू नगंस. ह्या पायाला तर लावूच नगंस."

ती तशीच वाकलेली राहिली.

"माज्या मालकाची इद्या नेलीस," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "माजी पोर तुज्यासाटी चिंचोके भाजत बसली. आन् तू मलाच फसवलंस व्हय गं? आमी काय वाईट केलं हुतं तुजं?"

ती सरळ उभी राहिली आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. नुसती वाट बघत होती. मी दारात उभी होते. बोलायला भरपूर वेळ होता. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येण्याइतका. जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी झाली, असं मी म्हणेन, पण ते खरं नाही. मला बोलता येत होतं. आईनं माझ्याकडं त्या नजरेनं बघितलेलं मला सहन झालं नसतं, म्हणून मी बोलले नाही.

तिनं माझ्यावरची नजर काढली. "मावशी, चुकलं माझं," ती आईला म्हणाली. चप्पल पायात सरकवली आणि गेली. त्यानंतर आजपर्यंत तिचा फोन नाही, आणि मी करायचं धाडस केलेलं नाही.

रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला तशी आई कॉटवर मागं टेकली. कितीतरी महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

"बगितलंस?" ती मला म्हणाली. "शेवटी कबूल झाली का न्हाय?"

मी म्हणाले, "व्हय."